एका माणसामागे चार तोंडं

आमच्या घरात जिंजीचा वेढा एकवीस वर्षं चालला. खऱ्या वेढ्याला आठ वर्षं लागली होती, पण त्या लोकांना रविवारची सुट्टी नव्हती आणि आमच्या नवऱ्याला फक्त रविवारच मोकळा असायचा. नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’च म्हणते. इथे मात्र नावाने म्हणणार. उमाकांत. एवढी सूट आज मी घेतलीच आहे.

उमाकांत चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. नागपूरहून ऐंशी साली इथे आला आणि इथलाच झाला. त्याला एकच नाद, युद्धाचे खेळ बनवायचे. पत्ते नाहीत, बुद्धिबळ नाही. मोठ्या ड्रॉइंग शीटवर खरा मुलूख काढायचा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं आखायची, फौजांच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या करायच्या आणि चाळीस पानांचे नियम लिहायचे. जिंजीचे तीन डोंगर त्याने असे काढले होते की बघत राहावं. हात सुंदर आहे त्याचा, ते मी नाकारत नाही.

पण खेळायला कोण? फॅक्टरीतला राममूर्ती दोन रविवार आला, भजी खाऊन गेला, परत फिरकला नाही. निधी, आमची मुलगी, लहान होती. उरले मी. जेवणं उरकली, भांडी आवरली की उमाकांत मराठ्यांकडून आणि मी मोगलांकडून. आणि दर वेळी मी जिंकायची! पटावरच्या तिसऱ्याच महिन्यात किल्ला माझा. उमाकांत डोकं धरून बसायचा. कधी पाऊस वाढव, कधी डोंगर उंच कर, कधी तटाची जाडी वाढव. तरी मी जिंकायचीच.

एका रविवारी मीच वैतागून म्हणाले, “अहो, ही माझी एवढी फौज जेवते कुठे?”

“आहे की रसद. माणशी मोजलीय.”

“लढणारी माणसं मोजलीत. भाकऱ्या भाजणारे कुठायत? बैल हाकणारे? घोड्यांना वैरण घालणारे? त्यांची बायकापोरं? ती काय हवा खाऊन राहतात?”

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आवडीत आपल्या मराठी मंडळींचा गणपती बसायचा, त्याचा स्वयंपाक सात वर्षं माझ्याकडे होता. मंडळाचे सेक्रेटरी कागद द्यायचे, कार्यकर्ते दहा. पंगतीला बसायचे पन्नास. दर वर्षी! मांडववाला, त्याची दोन पोरं, ढोलवाले, कुणाची सासू, कुणाचा ड्रायव्हर. कागदावरच्या एका माणसामागे बिनकागदाची चार तोंडं, हा माझा सात वर्षांचा हिशोब होता आणि तो कधी चुकला नाही.

मग मी तो नियम लिहिला. निधीच्या जुन्या वहीत, पेन्सिलीने. छावणीतल्या प्रत्येक लढणाऱ्यामागे चार तोंडं धरायची, दाणा पाचांना लागेल, पावसाळ्यात वाट बंद झाली की छावणी आधी उपाशी पडेल. चार महिने दोन्ही बाजूंनी खेळून खेळून मी तो नीट बसवला. त्यानंतर मोगलांना दर पावसाळ्यानंतर वेढा सैल करून मागे हटावं लागायला लागलं, किल्ल्यात पुन्हा धान्य शिरायला लागलं आणि वेढा लांबला. चार वर्षं, सहा वर्षं, आठ वर्षं. उमाकांत आनंदाने उडालाच. “लता, तू कमाल केलीस,” म्हणाला. असं तो म्हणाला होता, हे लक्षात ठेवा.

२००९ च्या एप्रिलमध्ये एक ऑनलाइन परिषद ठरली. असे हौशी खेळ बनवणारे आणि पगार घेऊन फौजांसाठी, कॉलेजांसाठी खेळ बनवणारे, दोघांनी इंटरनेटवर भेटायचं. दोन दिवस, अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे लोक. पडद्यावर चित्रं, कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. उमाकांतने जिंजीची माहिती पाठवली आणि चक्क निवड झाली. पेढे वाटले. मग रात्री त्याला ऑफिस आठवलं.

संरक्षण खात्यात नोकरी. परदेशी परिषदेत बोलायचं म्हणजे ना-हरकत दाखला हवा, अर्ज साहेबांच्या मार्फत वर जाणार, वरून दिल्लीला. विषय काय, तर युद्ध! जून अखेरीला निवृत्ती, त्यात ही चौकशी कुणी मागे लावून घ्यायची? दुसरा कुणी असता तर त्याने नाव मागे घेतलं असतं. उमाकांतने सरकारी डोकं चालवलं. नोंदणीत माझं नाव टाकलं. रचनाकार, विद्युलता. गृहिणीला कसला आलाय दाखला?

“तू फक्त वाचायचंस. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे,” तो म्हणाला. ते खरंच होतं, लग्नानंतर नऊ वर्षं मी इथल्या शाळेत शिकवत होते.

परिषदेच्या लोकांनी नियमांचं पुस्तक काढलं, त्याच्या पहिल्या पानावर माझं नाव आलं. या लोकांत एक रीत आहे. ज्यांनी खेळ खेळून खेळून तपासला, त्यांची नावं शेवटच्या पानावर आदराने छापायची. तिथे अकरा नावं होती, नुसता पट बघून गेलेल्यांचीही. भजी खाऊन गेलेला राममूर्तीसुद्धा होता. माझं नव्हतं, कारण ते पहिल्या पानावर होतं ना! मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. मला हसूच आलं.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मी कॉम्प्युटरपुढे बसले. निधीने हेडफोन लावून दिला. शेजारी उमाकांत, हातात पेन आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. कुणी प्रश्न विचारला तर तो उत्तर लिहून देणार आणि मी वाचणार, असं ठरलेलं. वीस मिनिटं मी वाचलं. मग कुठल्याशा लष्करी कॉलेजात शिकवणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थाने विचारलं, “दुसऱ्या पावसाळ्यानंतर तुमच्या खेळात वेढा घालणारी फौजच विरघळते. आमच्या हिशोबात असं कधीच होत नाही. हे कसं?”

उमाकांतने भराभर लिहिलं, ‘चिखल. डोंगराळ भाग.’

मी तो कागद बाजूला सारला. सारला म्हणजे काय, हातानेच सारला गेला. इंग्रजीत म्हणाले, “कारण तुम्ही तलवारवाले मोजता. एकेकामागे भाकरी भाजणारी चार माणसं मोजत नाही.” आणि मग मी थांबलेच नाही. गणपतीची पंगत सांगितली, बैलांचं सांगितलं, हिशोब कसा बसवला ते सांगितलं. अकरा मिनिटं. पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं, चेष्टेने नव्हे, आनंदाने. खाली लिखित निरोपांची रांग लागली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, तेवढ्या सगळ्या काळात माझं बोलणं इतक्या लोकांनी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

सोमवारी फोन आला. चेन्नईबाहेरच्या सिरुसेरीतल्या एका कंपनीतला गिरिधर, मूळचा तंजावरचा मराठी. त्यांची कंपनी फौजांच्या पुरवठा अधिकाऱ्यांसाठी शिकवायचे खेळ कॉम्प्युटरवर बनवते. त्याची मराठी जुनी, तमिळ हेल असलेली. “बाई, तुमचं उत्तर आम्ही ऐकिलें. बहु बरं सांगितलांत. तो नियम आम्हाला पाहिजे. तुम्ही दोन महिने सिरुसेरीस याल का? जुलैपासून?”

मी हो म्हणाले. विचार न करता! आणि त्या आठवड्यात टी. नगरच्या बाजारात जाऊन ऑफिसला नेसायला दोन सुती साड्या आणल्या. एक राखी, एक मोरपंखी. पैशाचा मला मोह नव्हता. तो नियम माझा आहे, हे घराबाहेरच्या एका माणसाने म्हटलं होतं आणि मला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. बस्स, एवढंच हवं होतं मला.

पुढचे दोन महिने उमाकांत फॅक्टरीतून यायचा. जेवायचा, पेपर वाचायचा. रविवारी पट मांडलाच नाही. मला कळत नव्हतं असं नाही. एकवीस वर्षं नकाशे त्याने काढले, डोळे त्याने फोडले, आणि फोन बायकोला. मला वाईटही वाटायचं. मी म्हणालेसुद्धा, “आपण दोघं जाऊ. तुम्ही नकाशा सांगा, मी तोंडं सांगते.” त्यावर त्याने पेपरचं पान उलटलं.

तीस जूनला निवृत्त झाला. हार, नारळ, शाल. एक जुलैला सकाळी त्याने परिषदेच्या लोकांना आणि गिरिधरला ईमेल लिहिली आणि नेहमीप्रमाणे इंग्रजी तपासायला माझ्यापुढे ठेवली. अहो, खरंच ठेवली! ‘सरकारी नियमांमुळे मला पत्नीचे नाव वापरावे लागले. हा खेळ पूर्णपणे माझा आहे. पत्नीने केवळ मजकूर वाचून दाखवला.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “केवळ वाचून दाखवला? आणि उत्तर? ते कुठल्या कागदावरून वाचलं मी?”

“अगं, त्यात कुठे खोलात जायचं? बाहेरच्या लोकांचा उगाच गोंधळ होतो.”

“नियम कुणाचा आहे?”

“घरातच सुचलेला आहे ना? मग तुझं-माझं काय त्यात?”

“मग तुझं-माझं नाही तर माझंच राहू द्या ना नाव.”

यावर तो जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शांतपणे म्हणाला, “लता, तुला पुढे काय करायचंय त्याचं?”

भांडायला हवं होतं. ते पान टराटरा फाडायला हवं होतं. मी काय केलं? दोन स्पेलिंगच्या चुका होत्या, त्या दुरुस्त करून दिल्या. शिक्षिकेची खोड. लाज वाटते सांगायला, पण केलं खरं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. परिषदेच्या लोकांनी त्याची अडचण समजून घेतली, मोठ्या मनाने. पहिल्या पानावरचं माझं नाव काढून त्याचं घातलं. शेवटच्या पानावर अकराची अकराच नावं राहिली. गिरिधरने दिलगिरीचा फोन केला, मला नव्हे, उमाकांतला, आणि ते काम त्यालाच दिलं. महिनाभराने निधी कॉम्प्युटरवरून ओरडली, “आई, इकडे ये. धिस इज नॉट फेअर.” परिषदेतलं सगळं बोलणं त्यांनी छापलं होतं. ‘तुम्ही तलवारवाले मोजता’, तिथपासून गणपतीच्या पंगतीपर्यंत माझी अकरा मिनिटं, शब्दन् शब्द. प्रत्येक उत्तरापुढे नाव उमाकांत. माझ्या तोंडची ‘कुणाची सासू’ पण त्याच्या नावावर! निधी म्हणाली, “तू त्यांना लिही.” मी म्हणाले, “कशाला?” आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसले.

साड्या घडीतच राहिल्या. त्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा चांगला जाड होता, उमाकांतने त्याच्या नव्या सोंगट्या कापल्या. माझी वही मात्र मी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. ठरवलं होतं, यापुढे एक आकडा सांगायचा नाही. विचारू दे.

परवाची गोष्ट. सकाळी अकराचा सुमार. मी मुरुंगाईचा, म्हणजे आपल्या शेवग्याचा, पाला निवडत होते. बाहेर उमाकांत फोनवर, लिहून घ्यायचं म्हणून स्पीकर लावलेला. गिरिधर विचारत होता, “सर, छावणीत माणशी चार तोंडं, तें समजलों. किल्ल्याच्या आत किती धरायची? पुस्तकात तें नाहीं.”

पुस्तकात नाही, कारण पटावर किल्ल्यातला रोजचा दाणा ठरलेलाच धरला होता, तोंडं मोजावी लागत नव्हती. पण वहीत होतं. कागद उलटल्याचा आवाज आला. मग उमाकांत म्हणाला, “तेच. आतही चार.”

चार! किल्ल्यात चार धरली तर सहा महिन्यांत सगळे उपाशी मरतील. म्हातारी आणि पोरं वेढा पडायच्या आधीच खाली पाठवतात. वर राहतो तो भाकरीही भाजतो आणि तटावर उभाही राहतो. मी ओठ घट्ट मिटून बसले. देठ खुडत राहिले. बोलायचं नाही, लता. बोलायचं नाही. पलीकडे गिरिधर लिहून घेत होता, “चार…”

“एक!” मी ओरडले. “किल्ल्यात एकच धरा!”

 मग उमाकांत हसत म्हणाला, “सॉरी गिरिधर, माझं चुकलं. किल्ल्यात एक.”

“बाईंचा आवाज ना तो?” गिरिधरने विचारलं.

“हो, भाजीवाल्याशी बोलतेय.”

मग त्याने फोनवर हात ठेवला, स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि हळूच म्हणाला, “आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर गं?”

मला चुकीचा आकडा सांगता आला असता. ते सुचलंही. दोन सांग, अडीच सांग, पडू दे तोंडघशी. पण तो किल्ला मी चार महिने राखून पाहिला होता, त्यातल्या माणसांना मी उपाशी कशी मारू?

“अर्धं,” मी म्हणाले. “दोघांत एक.”

तो बाहेर गेला आणि गिरिधरला माझेच शब्द इंग्रजीत सांगायला लागला.