कापसातलं वरण

खोटेपणा मला उंबऱ्यातच कळतो. गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून नऊ वर्षं काढली. पाइप तपासायच्या निमित्ताने अर्ध्या अमरावतीची स्वयंपाकघरं पाहिली. घरगुती टाकीवर समोसे तळणारे पकडले, मेलेल्या सासऱ्याच्या नावावर टाकी उचलणारे पकडले. म्हणून खुशालरावांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, राजापेठेतल्या ऑफिसात गोदाबाईंचा अर्ज माझ्यापुढे सरकवला, तेव्हा तो वाचायच्या आधीच मी निकाल लावून मोकळा झालो होतो.

बेलपुऱ्यातलं घर. गोदाबाई, मुलगा, सून आणि दोन नातवंडं, अशी पाच माणसं. शेवटची टाकी पोळ्याच्या आधी नेलेली आणि आता मार्च लागला होता. सहा महिने टाकी नेली नाही की आमच्याकडे कनेक्शन बंद पडतं. ते पुन्हा चालू करून द्या, असा बाईंचा अर्ज होता.

"पाच जणाईले टाकी दीड महिना पुरत नाही," खुशालराव म्हणाले. "घरात चोरीची दुसरी टाकी असन. जा अन् पाहा. सापडली का कनेक्शन कायमचं बंद."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी दारात उभा. गोदाबाई साठीच्या, अंगाने काडी, बोलणं मात्र खणखणीत. मुलगा-सून कामाला गेलेली, मुलं सकाळच्या शाळेत. मी काटा लावून टाकी तोलली. आत अजून दीड किलो गॅस होता. सात महिन्यांनंतर! मला हसूच आलं. मग पलंगाखाली वाकलो, माळ्यावर चढलो, न्हाणीघर पाहिलं, ज्वारीच्या कोठीतसुद्धा हात घातला.

"सापडली का दुसरी टाकी?" गोदाबाईंनी विचारलं.

"नाही."

"सापडली तं मलेबी सांगजो बापू. कामी येईन."

मला झोंबलं. म्हटलं, "मावशी, मले शेंड्या नका लावू. आज माह्यासमोर स्वयंपाक करा."

"कर म्हनतं तं करतो. बस."

मी मोबाइलवर वेळ लावूनच बसलो. भाकऱ्यांपासून सुरुवात झाली. पीठ मळून, गोळे करून, पहिली भाकर थापून झाल्यावरच तवा चढला. एक भाकर उतरते तोवर दुसरी थापून तयार. तवा क्षणभर रिकामा राहिला नाही. रात्रभर भिजलेल्या तुरीच्या डाळीचा गंज, म्हणजे पातेलं, शेगडीवर ठेवण्याआधी बाईंनी त्याचं बूड फडक्याने कोरडं पुसलं.

"हे काहून?"

"ओला गंज ठेवला का आधी ते पानी आटते, मंग डाळ शिजते. तेवढा गॅस फुकट."

मी नऊ वर्षं गॅसच्या धंद्यात आहे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

डाळीला उकळी आली, मग सहा मिनिटं, आणि गॅस बंद. भाताला चार मिनिटं, बंद. डाळ तर दाताखाली कडक लागावी अशी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी कोपऱ्यातलं संत्र्याचं लाकडी खोकं ओढलं. आत जुन्या लुगड्याचं अस्तर लावून कापूस ठासून भरलेला, मधोमध दोन गंज बसतील एवढी जागा. त्यात डाळ, डाळीवर भात, वरून कापसाची जाड उशी, त्यावर झाकण.

"आता?"

"आता काही नाही. अकराले जेवन तयार."

"मावशी, याच्यात डाळ शिजते?"

"मी तीस वर्सं कापसाच्या जिनिंगात कामाले होती. आमी बाया सकाळी डबे कापसाच्या ढिगात खुपसून ठेवो. दुपारी एकाले काढले का हाताले चटका बसे. डबा गरम ऱ्हायते तं डाळ काहून शिजनार नाही? कापूस माह्यापेक्षा चिंगूस हाय बापू. आतली गरमी बाहेर जाऊ देत नाही."

माझा विश्वास बसला नाही, पण दुसरी टाकीही नव्हती. मी खुशालरावांना फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर ते थंडपणे म्हणाले, "नितेश, बाईनं तुले किती देल्ले?"

माझं डोकं सणकलं. नऊ वर्षांत कोणाचा चहासुद्धा घेतला नाही मी. पिशवीतून एजन्सीची सीलपट्टी काढली, खोक्याभोवती दोन वेढे मारले आणि त्यावर सही ठोकली. "मावशी, चला ऑफिसात. खोकं तिथंच उघडू." बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. डाळ कच्ची निघाली तर बाईंचं कनेक्शन जाणार होतं आणि माझी इज्जतही.

"लेकरं बाराले शाळेतून येतेत," गोदाबाई म्हणाल्या. "तवापर्यंत आनून सोडशीन नं? त्याईचंच जेवन हाय हे."

अकरा वाजता मांडीवर खोकं घेऊन त्या माझ्या गाडीवर बसल्या. राजापेठेच्या गर्दीत मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी सावकाश गाडी चालवली.

ऑफिसात खुशालरावांनी सही तपासली, सील तोडलं. झाकण निघालं, उशी निघाली. भाताचा गंज बाजूला ठेवून त्यांनी डाळीवरची झाकणी उचलली आणि भपकन वाफ आली. त्यांचा चष्मा पांढरा झाला. काउंटरवरच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. रांगेतली माणसं पुढे वाकली. खुशालरावांनी चमच्याने डाळ दाबली तर ती लोण्यासारखी मोडली. ज्या ऑफिसात आम्ही दिवसभर आग विकतो, तिथे आगीशिवाय शिजलेलं वरण टेबलावर वाफाळत होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

खुशालरावांनी चमचाभर चाखलं आणि पुन्हा चमचा घातला. गोदाबाईंनी झाकणी ठेवून दिली. "एकच घास साहेब. बाकीचं लेकराईचं हाय."

मालकांनी अर्जावर सही केली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नितेश, ते फोनवरचं मनात धरू नको." नंतर बाईंना आदराने विचारलं, "कनेक्शन चालू झालं, मावशी. टाकी आजच पाठवू का?"

"काहून? जुनी सरली कुठी?"

तुटलेल्या सीलपट्टीची त्यांनी घडी केली आणि कनवटीला खोचली. बारा वाजता मी त्यांना घरी सोडलं. मुलं दारातच होती. त्यांच्या ताटात पडलेल्या वरणातून अजून वाफ निघत होती.

पुढची टाकी त्यांनी हनुमान जयंतीला मागवली. टाकी पोचवणं माझं काम नाही, त्याला वेगळी माणसं आहेत. तरी मीच खांद्यावर घेऊन गेलो.

"हळू ठेव बापू," गोदाबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत पुरवाची हाय."