खिशातलं कार्ड

जोतीराम आपल्या पोरीला भेटायला शुक्रवार पेठेत तीन वेळा गेला, आणि तिन्ही वेळा रेश्मा अंघोळीला गेलेली होती. त्याची थोरली बहीण अनसूया घरभर ऐकू जाईल अशा आवाजात तसं सांगायची, त्याला चहा द्यायची आणि कप रिकामा झाला की मोहोळच्या परतीच्या एसटीची वेळ सांगायची. तिसऱ्या खेपेला त्यानं वर बघितलं. माडीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. माडीवर न्हाणी नव्हती. ते घर बांधताना विटा त्यानंच वाहिल्या होत्या, त्यामुळं हे त्याला पक्कं माहीत होतं.

बायको सोनाबाई गेल्यावर घरात बाईमाणूस नाही म्हणून त्यानंच पोरीला बहिणीकडं आणून सोडलं होतं. चार महिन्यांत बहिणीनं तिचं लग्न आपल्या बेचाळीस वर्षांच्या दिराशी ठरवलं. रेश्मानं एकदा शेजारणीच्या फोनवरून सांगितलं, मला घेऊन जावा. जोतीराम म्हणाला, जरा सांभाळून घे. त्यानंतर फोन आला नाही.

पोलिसांनी घरातलं घरात मिटवायला सांगितलं. मग कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे वेणीमाधवराव भेटले. बाईला किंवा लहान मुलीला बेकायदा डांबून ठेवलं असेल, तर तिला सोडवायचा हुकूम इथल्या प्रांताधिकारी मॅडम देऊ शकतात, फक्त शपथेवर सांगावं लागतं, असं ते म्हणाले. जोतीरामनं शपथेवर सांगितलं. अर्जाच्या शेवटी लिहून घेतलं, मुलगी माझ्या ताब्यात द्यावी.

मॅडमनी शाळेचा दाखला बघितला. जन्म एक जूनचा. अठरा पुरी होऊन दोन महिने झालेले.

"लहान असती तर तुमच्याकडे दिली असती," त्या म्हणाल्या. "ही सज्ञान आहे. आम्ही तिला मोकळं करू. पुढं कुठं जायचं ते ती ठरवेल."

गावच्या शाळेत निम्मा वर्ग एक जूनलाच जन्मलेला होता. रेश्मा पाच वर्षांची असताना सोनाबाईनं गुरुजींना सहा पुरी म्हणून सांगितलं होतं. तिला खुरपायला जायचं होतं आणि पोरीला बांधावर एकटी बसवायची नव्हती.

वेणीमाधवराव म्हणाले, खऱ्या तारखेचा कागद असला तर आणा, मुलगी तुमच्याच ताब्यात द्यायचा हुकूम होईल. जोतीरामनं रात्री पहिल्यांदाच सोनाबाईची पेटी उघडली. दोन लुगड्यांच्या मध्ये दवाखान्याचं लसीकरणाचं कार्ड होतं. त्याप्रमाणं रेश्माला अठरा व्हायला आठ महिने बाकी होते. त्यानं कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी महिला पोलीस रेश्माला आणि अनसूयाला कचेरीत घेऊन आल्या. कुलूप तोडावं लागलं नाही, किल्ली अनसूयाच्या कमरेलाच होती. तिचं म्हणणं पडलं की कुलूप उंदरांसाठी होतं.

"उंदरांना कडी पुरत नाही का?" मॅडमनी विचारलं.

मग त्यांनी रेश्माला विचारलं, कुठं जायचं आहे. रेश्मा बापाकडं न बघता बोलली.

"वसतिगृहात. आई आजारी पडल्यावर बारावी अर्धी राहिली, ती करायची हाय. आप्पांकडं न्हाय जायाचं. त्यांनीच मला हितं आणून सोडली. आज घरी गेले तर उद्या दुसरी आत्या हुडकून काढतील."

जोतीरामला दुसरी बहीण नव्हती. पण त्यानं ते सांगितलं नाही. त्याचा हात खिशाकडं गेला. मागून वेणीमाधवराव पुटपुटले, "काढा की आता." जोतीरामनं रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल परत कार्डावर ठेवला.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" मॅडमनी विचारलं.

"वसतिगृहात गरम पाणी असतंय का?"

असतं, असं त्या म्हणाल्या. त्यानं सही केली.

बाहेर वसतिगृहाच्या बाई रिक्षा बघत होत्या. रेश्मा बापाजवळ येऊन उभी राहिली.

"आप्पा, खिशात काय हाय? सारखा हात जातोय तुमचा."

त्यानं कार्ड दिलं. तिनं आधी आईचं नाव वाचलं, मग तारीख. तारीख दोनदा वाचली.

"हे आत का न्हाय दाखवलं?"

"कुणी मागितलं न्हाय."

तिनं कार्ड आपल्या पिशवीत ठेवलं. रिक्षा आली. जोतीरामनं विचारलं, रविवारी आलो तर चालंल का.

"या की," रेश्मा म्हणाली. "मी अंघोळ लवकर उरकून ठेवीन."