कागदाखालचा घाम

पुंजाच्या पत्राला वेणीमाधवरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानच. निळं आंतरदेशीय, त्यावर सुतारकामाच्या जाड पेन्सिलीने लिहिलेल्या नऊ ओळी. शेवट तर त्यांना पाठच झाला होता : ‘कागद कोरडा कसा निघाला ते तुम्हाला ठाव. मी कुणाला बोललो नाय. मी ओल सांगितली होती एवढं दोन ओळीत लिहून द्या, म्हंजे लोक परत कामावर बोलावतील.’

या गोष्टीला पाच वर्षं झाली. उत्तर लिहायला ते अनेकदा बसले आणि दर वेळी मायन्याशीच अडले. ‘श्री.’ लिहावं तर फार कोरडं वाटे, ‘प्रिय’ लिहायचा आपल्याला काय हक्क, असं मनात येई. मग ते पत्र पुन्हा घडी घालून ग्रंथालयातल्या ज्ञानकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून देत. तो खंड आजवर कुणी घरी नेला नव्हता.

वेणीमाधव गायधनी म्हणजे नाशिकच्या पंडित कॉलनीतल्या एका लहानशा खाजगी ग्रंथालयाचे ग्रंथपाल. घराण्याचा व्यवसाय गंगेवरच्या उपाध्येपणाचा; पण यजमानांपुढे मोठ्याने संकल्प सांगायचा म्हटलं की यांचा घसा बसायचा, म्हणून ते पुस्तकांत येऊन बसले ते बसलेच. ग्रंथालयाच्या अध्यक्षा मालिनीताई नेमक्या उलट. बोलतील ते ठाम, आणि बोललं की झालंच पाहिजे. मागच्या बाजूला वाचनाचं नवं दालन बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, खाली लाकूड हवं, म्हणजे खुर्च्या सरकल्या तरी आवाज होणार नाही. मुलांच्या कोपऱ्यात गालिचा हवा. आणि दसऱ्याचं सरस्वतीपूजन नव्या दालनातच व्हायला हवं.

सिमेंटचा कोबा पडला श्रावणात. त्या वर्षी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. लाकूड चिकटवायला घोटीहून पुंजा आला. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. हातात दाते असलेली थापी. त्या थापीने तो सिमेंटवर गोंद असा ओढायचा, की नुकतं नांगरलेलं वावर दिसावं. फळी बसवून तिच्यावर वजन ठेवायला वेणीमाधवरावांनी त्याला जुन्या मासिकांचे बांधीव गठ्ठे काढून दिले होते. गालिचा चिकटवायचं सोल्युशन लावलं की तो घाई करत नसे. म्हणे, बोटाला चिकटलं पाहिजे पण बोटावर आलं नाय पाहिजे, तेव्हाच गालिचा अंथरायचा. वेणीमाधवरावांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते टिपून ठेवलं होतं.

पण हे सगळं पुढचं. कामाला हात लावण्याआधी पुंजाने कोब्यावर हातभर रुंद, हातभर लांब प्लास्टिकचा कागद अंथरला, चारही कडांना चिकटपट्टी मारली आणि सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत याला कुणी हात लावायचा नाय. खाली घाम आला तर कोबा ओला. ओल्यावर लाकूड धरत नाय, आज ना उद्या सुटतंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होता होता वेणीमाधवराव दालनात एकटेच होते. निमंत्रणपत्रिका त्यांनीच लिहिल्या होत्या, तीनशे सभासदांना त्यांनीच पोस्टाने धाडल्या होत्या. दालन दसऱ्याला तयार असेल असा शब्दही मालिनीताईंना त्यांनीच दिला होता, कारण ‘नाही’ म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले. प्लास्टिकखाली बारीक थेंब धरले होते. कपाळावर धरावेत तसे.

हवेतला दमटपणा असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आपल्याला यातलं काय कळतं, असंही सांगितलं. आणि मग, आजही त्यांना नीट सांगता येत नाही कसं, पण त्यांनी एक कड उचलली, खिशातला हातरुमाल काढला, कागद आतून पुसला, कोबा पुसला आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली.

अर्ध्या तासाने मालिनीताई पुंजाला घेऊन आल्या. कागद उचलला तर कोरडा ठणठणीत. पुंजा कागदाकडे पाहत राहिला, मग सुटलेल्या पट्टीकडे. पट्टीच्या चिकट बाजूला धूळ लागली होती. त्याने कोब्यावर तळहात टेकला, वास घेतला. “बाई, ओल हाय. कागद काय बी म्हणू द्या,” तो म्हणाला. मालिनीताई म्हणाल्या, परीक्षा तूच सांगितलीस, आता निकाल लागला तर तोही तुला मान्य नाही का? पुंजाने एकदाच वेणीमाधवरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. खिशातला रुमाल मांडीला गार लागत होता.

पुंजाने निमूट फळ्या बसवल्या, दसरा थाटात झाला. संक्रांतीपर्यंत फळ्या कडांनी उचलून बशीसारख्या झाल्या, गालिच्याला कुबट वास सुटला. मालिनीताईंनी त्याचा फोटो काढून पुंजाच्या नावानिशी गावातल्या ठेकेदारांच्या ग्रुपवर टाकला. शिवरात्रीनंतर पुंजाचं पत्र आलं. पुढे महिन्याभरात सगळं जगच बंद पडलं, टपालही अडखळलं, आणि वेणीमाधवरावांना आयतं कारण मिळालं.

ग्रंथालय पुन्हा उघडलं तेव्हा फळ्यांवर नुसताच एक गालिचा अंथरून वेळ मारून नेली होती. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

वेळ दुपारी अडीचची. वाचक जेवायला गेलेले, पंखा बंद, बाहेर ऊन. दालनाच्या पलीकडच्या टोकाला टक, टक. मग थोडी उसंत. मग वीतभर अलीकडे पुन्हा टक, टक. तिसऱ्या खेपेला आवाज बदलला. पोकळ, मडक्यावर वाजवल्यासारखा. वेणीमाधवरावांना तो लगेच ओळखू आला. काम संपलं की पुंजा असाच बोटांच्या पेरांनी फळ्या वाजवत दालनभर फिरायचा. दोन ठोके मारून हात पुढे सरकवायचा, पुन्हा दोन ठोके. जिथे पोकळ वाजेल तिथे खाली गोंद सुटला.

लाकूड आहे, उन्हाने आकसतं, पावसाने फुगतं, असं त्यांनी मनाला समजावलं. उंदरांचे सापळे लावले. पण उंदीर काही रांग धरून चालत नाहीत. हा आवाज रांगेने यायचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि हळूहळू त्यांच्या टेबलाजवळ. मालिनीताईंना एकदा चाचरत विचारलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, वाचन कमी करा. तेव्हा त्यांनी एका कोऱ्या कार्डावर दालनाचा नकाशा काढला आणि पोकळ आवाज येई तिथे ठिपका द्यायला लागले. चार वर्षांत सतरा ठिपके झाले. सतरावा त्यांच्या टेबलाखाली, अगदी पायांपाशी होता. तो ऐकला त्या दिवशी त्यांनी पाय वर उचलून घेतले आणि वाचक परत येईपर्यंत तसेच बसून राहिले.

मनात एक विचार घर करून बसला होता, पुंजा या जगात नसावा. जग बंद पाडणाऱ्या त्या साथीत किती माणसं गेली, तसा तोही गेला असेल. या विचाराने अंगावर काटा यायचा, आणि खोटं कशाला बोला, थोडं सुटल्यासारखंही वाटायचं. मेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही.

यंदा चैत्रात एकदाचं ठरलं, जुनं लाकूड उखडून नवं बसवायचं. काम घेतलं नाशिकरोडच्या दीपकने. तिशीचा, बडबड्या, कानात सतत इयरफोन. पटाशी घालून पहिल्या चार फळ्या उचलल्या आणि तो बोलायचा थांबला. खाली गोंदाच्या ओळी जशाच्या तशा उभ्या होत्या, वर ओलीने आलेला पांढरा लोणा धरलेला.

“ही थापी मी वळखतो, काका,” तो म्हणाला. “आमच्या उस्तादाची हाय. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.”

 वेणीमाधवरावांनी कसेबसे शब्द जुळवून विचारलं, ते कधी वारले?

दीपकला हसू फुटलं. वारतील कशाला, चांगले ठणठणीत आहेत, असं म्हणून तो सांगत सुटला. या दालनाचा फोटो फिरला आणि पुंजाला कुणी बोलवेना. आता ते घोटीत एका भाताच्या मिलवर झाडलोट करतात. हातातली कला गेली नाही, पण डोकं जरा फिरल्यासारखं झालंय. “दुपारचं जेवण झालं की मिलच्या फरशीवर बसत्यात आन् पेरांनी ठोकत ऱ्हात्यात. दोन ठोके, मंग हात पुढं. म्हणत्यात, एक जागा ऱ्हायली तपासायची. मिलवाले चेष्टा करत्यात, पण ते काय थांबत नाय.”

“किती वाजता?” वेणीमाधवरावांनी विचारलं.

“जेवून झालं की. अडीच वाजत असतील. का हो?”

 वेणीमाधवरावांनी खिशातल्या कार्डावर हात ठेवला.

संध्याकाळपर्यंत वेणीमाधवरावांच्या टेबलाखालच्या सोडून सगळ्या फळ्या निघाल्या. दीपकने लोणा आणि सुटलेला गोंद झाडला तसा खालचा कोबा उघडा पडला. त्यावर पेन्सिलीची वर्तुळं होती. फळ्या लावण्याआधी पुंजाने जिथे जिथे ओल हाताला लागली तिथे तिथे खूण करून ठेवली होती. वेणीमाधवरावांनी खिशातून कार्ड काढलं. ठिपके आणि वर्तुळं ताडून पाहिली. सोळा जुळली. सतराव्यासाठी त्यांनी स्वतःच आपलं टेबल ओढून बाजूला केलं, दीपकने तिथल्या फळ्या काढल्या. तिथे वर्तुळ नव्हतं. चिकटपट्टीच्या मळकट खुणांचा हातभर चौकोन होता आणि त्याच्या मधोमध तेच जाड अक्षर : ‘ओल हाय. सांगितली. पुंजा.’

दीपकने ते मोठ्याने वाचलं, आणि म्हणाला की उद्या मशीन फिरवून हे सगळं घासून काढतो, मग कागद लावून एक दिवस ठेवतो.

“हे घासू नका,” वेणीमाधवराव म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. “आधी मालिनीताईंना बघू द्या.”

रात्री त्यांना झोप लागली नाही, पण पत्र मात्र लिहून झालं. सकाळी मालिनीताई आल्या, तेव्हा त्यांनी आधी तो चौकोन दाखवला आणि मग न बोलता पत्र हातात दिलं. बोलून सांगायला गेलो तर घसा बसेल, हे त्यांना माहीत होतं. पत्रात एवढंच होतं :

‘पुंजाभाऊ, कागदाखाली घाम होता. तो मी माझ्या रुमालाने पुसला. तुम्ही ओल सांगितली होती, मी ऐकली होती आणि गप्प राहिलो. लाकूड सुटलं ते माझ्यामुळे, तुमच्या हातामुळे नाही. हे पत्र कुणालाही दाखवा. राहिलेली जागा सापडली आहे, ती माझ्या टेबलाखाली होती. आता ठोकू नका. वेणीमाधव गायधनी.’

मालिनीताईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कोब्यावरची अक्षरंही पुन्हा वाचली.

“एवढ्या पुस्तकांत जन्म काढलात,” त्या म्हणाल्या, “आणि ही चार वाक्यं पाच वर्षं सुचली नाहीत?”

ते मान खाली घालून उभे राहिले. ताईंनी फोन काढला आणि वाकून त्या चौकोनाचा फोटो घेतला. आधीचा फोटो ज्या ग्रुपवर टाकला होता, त्याच ग्रुपवर हाही जाईल, आणि खाली काय लिहायचं ते मी लिहीन, असं त्या म्हणाल्या. मग पत्राच्या खाली स्वतःची सही करून त्यांनी ते परत दिलं. ग्रंथपालपदाचं नंतर बघू, असंही जाता जाता म्हणाल्या. वेणीमाधवरावांनी मान डोलावली.

दीपकने कोब्यावर नवा कागद अंथरला होता, पट्ट्या मारल्या होत्या. वेणीमाधवराव त्या कागदापासून लांबून गेले.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच्या झाडाखाली होती. अडीच वाजायला आले होते, रस्ता उन्हाने ओस. पाकिटावरचा पत्ता त्यांनी तीनदा वाचला, घोटी, तालुका इगतपुरी. तिकीट नीट चिकटलं आहे ना, म्हणून अंगठ्याने दाबून पाहिलं. मग पाकीट फटीतून आत सोडलं. ते कुठे अडकलं तर नाही ना, या शंकेने बोटं आत घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.