एक डेल्बर्ट, कांदा जास्त

"मेव्हिस, तूच सांग ना त्याला," निक म्हणाला. शिडीवर उभा होता, हातात ब्रश, आणि माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"मी का सांगू? हॉटेल तुझं, मेनूचा फळा तुझा, रंगही तुझाच."

"तो तुझं ऐकतो."

"तो सगळ्यांचंच ऐकतो. तीच तर बोंब आहे त्याची."

निकने हिरव्या रंगाचा आणखी एक हात मारला. तरी खालचं 'डेल्बर्ट' पुरतं झाकलं गेलं नाही. मग त्यावरच त्याने पांढऱ्या अक्षरांत 'मलाकाय ओडम' असं लिहिलं.

डेल्बर्ट प्रुइट शाळेची बस चालवतो. दर गुरुवारी सकाळची फेरी संपली की लंगडत येतो आणि दाराजवळच्या स्टुलावर बसतो. एके काळी हाच माणूस आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात पहिल्या रांगेत भिंतीसारखा उभा राहायचा. खाणीतल्या कामगाराचा पोरगा, पण शनिवारी मैदानात उतरला की अख्खं गाव त्याच्या नावाने घसा फोडायचं. निकच्या बापाने, म्हाताऱ्या कोस्तासने, खास त्याच्यासाठी एक सँडविच काढलं. मांसाचे तीन थर, वर परतलेला कांदा. फळ्यावर त्याचं नाव लिहायला घेतलं, तर कॉलेजचा माणूस धावत आला. खेळाडूच्या नावावर काही विकायचं नाही, त्याला फुकट काही खायला घालायचं नाही, नाहीतर पोरगा संघाबाहेर!

कॉलेजच्या दुकानात मात्र त्याच्या नंबरचे सदरे खपत होते. प्रशिक्षकाने तळ्याकाठी घर बांधलं. आणि हा वेडा खिसे चाचपून स्वतःच्याच सँडविचचे पैसे भरायचा. मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

मग एका शनिवारी त्याचा गुडघा भलत्याच बाजूला वळला. डॉक्टरांनी सांगितलं, खेळ संपला. सोमवारी कोस्तासने नाव लिहून टाकलं. आता डेल्बर्ट कॉलेजचा कुणीच नव्हता, त्यामुळे कुणाची हरकतही नव्हती. गुरुवारी तो कुबड्या घेऊन आला. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून पहिल्यांदा ओरडले, "एक डेल्बर्ट, कांदा जास्त!" त्याने झटकन मान वर केली आणि लाजून हसला. तेव्हापासून दर गुरुवारी मी तशीच ओरडते आणि तो तशीच मान वर करतो. बायको सोडून गेली, केस गेले, पण ते हसू गेलं नाही. त्या खेळातून त्याच्या पदरात पडलं ते एवढंच.

आता नियम बदलले आहेत. पोरांना आपल्या नावाचे पैसे घेता येतात. निकने मलाकाय ओडमशी करार केला होता. चेंडू घेऊन वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. तो खेळतोय तोवर फळ्यावर त्याचं नाव. आज जाहिरातीचं चित्रीकरण होतं, आणि आज नेमका गुरुवार.

डेल्बर्ट आला तेव्हा त्याच्या स्टुलावर मलाकाय बसला होता, तोंडावर झगमगता दिवा. पोराने गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधली होती. डेल्बर्टने फळा पाहिला. टोपी काढली, परत घातली, आणि शेजारच्या स्टुलावर बसला. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. सांगायचं ते माझ्याच्याने झालंच नव्हतं.

"सर, वर आधी कुणाचं नाव होतं?" मलाकायने त्यालाच विचारलं. "आतून दिसतंय अजून."

"होता एक. लोकांच्या आडवा उभा राहायचा."

"याचंच होतं," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

पोरगा ताडकन उठला. "मग ते राहू द्या! माझं दुसऱ्या कशाला तरी द्या."

"बस खाली," डेल्बर्ट म्हणाला. "पैसे घेतलेस ना?"

"हो सर. आईला पाठवले."

"मग झालं तर. आमच्या नावावर सगळं गाव जेवलं रे, आम्ही सोडून. तू पोटभर जेव." मग तो खाली वाकला. "गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही. थोडी सूज आहे."

"कोचला सांगितलंस?"

मलाकायने कॅमेरावाल्याकडे चोरून पाहिलं. आवाज उतरला. "सांगितलं तर शनिवारी खेळवणार नाहीत, सर. आणि खेळलो नाही तर..." त्याने फळ्याकडे पाहिलं. डेल्बर्टनेही पाहिलं. शिडी आवरता आवरता निक थांबला.

"सांग त्याला," डेल्बर्ट म्हणाला. "फळा पुन्हा रंगवता येतो."

पोराने बर्फाची पिशवी आणखी घट्ट बांधली. सांगेलसं मला वाटलं नाही.

निक घसा खाकरत पुढे आला. "डेल्बर्ट, आज तुझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय मी."

"इतकी वर्षं घेतलेस, आजच काय झालं?" डेल्बर्टने नोटा काढून कपाखाली सरकवल्या. मग माझ्याकडे वळला. "मेव्हिस, नेहमीचंच दे. आणि नव्या नावाने ओरड हं. त्यांचं चित्रीकरण चाललंय."

मी स्वयंपाकघराकडे वळले. जिभेवर जुनंच नाव आलं होतं, ते गिळलं.

"एक मलाकाय, कांदा जास्त!"

पोराने झटकन मान वर केली आणि लाजून हसला. कॅमेरावाला खूश झाला.

डेल्बर्ट खाली बघून कॉफी ढवळत होता. बराच वेळ ढवळत राहिला. तो बिनसाखरेचीच घेतो.