आधी वाढदिवस कुणाचा

शिंप्याने यंत्र थांबवलं, खुर्चीवरची कापडं उचलली आणि सर्वेक्षणाला आलेल्या बाईंना बसायला जागा करून दिली. लोक इंटरनेट किती वापरतात आणि लोकशाहीबद्दल त्यांना काय वाटतं, अशी ती पाहणी होती. शिंपी घसा खाकरून तयारच होता. चारशे जणांच्या ग्रुपवर तो रोज सकाळी देशाची मापं काढत असे; आज मापं लिहून घेणारं कुणीतरी आपण होऊन दारात आलं होतं.

"घरात एकालाच विचारायचं असतं, दादा. ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याला. तुमचा कधी?"

"सहा महिने आहेत. हिचा... हिचाही तेव्हाच असेल कधीतरी."

"मंगळवारी," काजं करत बसलेली बायको म्हणाली.

"अहो, हिला काय विचारता? मत कुणाला द्यायचं ते हिला मीच सांगतो."

"म्हणूनच तुम्ही जरा बाहेर थांबा," बाई गोड हसल्या. "नियम आहे."

स्वतःच्याच दुकानातून निघालेला शिंपी जिन्यात उभा राहिला. दार पुरतं लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"इंटरनेट वापरता, ताई?"

ती नाही म्हणणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

"रोज तासभर. हे दुपारी झोपतात तेव्हा. नगरपालिकेची सभा दाखवतात ना, ती बघते. सतरा जण असतो आम्ही. त्या व्हिडिओखाली एकमेकांना लिहितो. पाण्याच्या टाकीचं तर आम्हीच लावून धरलं. एक मास्तर आहेत त्यात, फार मुद्द्याचं बोलतात."

मास्तर. बोटात सुई घुसावी तसा शिंपी कळवळला. त्याच्या चारशेंतून रोज अकरा अंगठे येत, त्यातले चार मेव्हण्यांचे.

"आता एक वाक्य वाचते. निवडणुकांची कटकट नको, एकच खंबीर माणूस हवा. पटतं?"

हेच तर त्याने आज सकाळी ग्रुपवर टाकलं होतं. त्याने दाराला कान लावला. आत बायको हळूच काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. घरात ती चार शब्दांवर पाचवा बोलत नसे.

पाऊण तासाने बाई बाहेर आल्या.

"माझंही घ्या की लिहून. वेगळ्या कागदावर."

"नियमात बसत नाही, दादा."

बायको पुन्हा काजाला बसली होती.

"त्या खंबीर माणसाचं काय सांगितलंस?"

"ते गुप्त असतं."

"नवऱ्यापासूनही?"

"आधी त्याच्यापासूनच, म्हणाल्या."

"नको सांगूस. मास्तरांना सांगशील."

"ते विचारतात." तिने सुईत दोरा ओवला. "ओळखा बघू, काय म्हटलं असेन मी?"

शिंप्याने तोंड उघडलं. कुठल्या प्रभागात कोण किती मतांनी पडणार, हे तो मोजणीच्या आदल्या दिवशी छातीठोक सांगत असे. बायको वाट बघत होती. स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला.

"जरा विचार करू दे," तो म्हणाला.