डबाच, खोका नाही

झाकण जरा सैल करतो, म्हणजे बोलता येईल. एरवी मला ते मुळीच खपत नाही. मी बेकिंग पावडरचा डबा.

कारखान्यात माझ्या तोंडावर आधी चंदेरी कागद चिकटवला, मग वर घट्ट झाकण बसवलं. त्याला कारण आहे. माझ्या पावडरीत सोडा आणि आंबट भुकटी शेजारीशेजारी नांदतात. जरा ओल लागली की दोघं डब्यातच फसफसून मोकळे होतात, मग केक फुगवायला उरणार कोण? खाण्याचा सोडा मात्र एकटा जीव. त्याला पुठ्ठ्याचा खोका पुरतो. फक्त आजूबाजूचे वास तो ओढून घेतो. म्हणूनच आमच्या सूनबाईने एक खोका मुद्दाम उघडा करून फ्रिजमध्ये ठेवला होता, कांद्या-मासळीचे वास गिळायला.

घरात माणसं तीन: सूनबाई, तिचा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना हल्ली विसरायला होतं. एकदा ते गॅस चालू ठेवून फिरायला गेले, तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद, "बाबांना घरात एकटं ठेवणं काही खरं नाही." बिचारे पाय न वाजवता वावरायचे.

एका दुपारी त्यांनी फ्रिज उघडला. उघडा खोका दिसला. "कोणीतरी बंद करायला विसरलं वाटतं," ते पुटपुटले. या वेळी विसरणारा दुसराच कोणी होता, याचा त्यांना कोण आनंद झाला. मी अर्धा रिकामा होतो. त्यांनी सगळा सोडा माझ्यात ओतला, चमच्याने ढवळला आणि खोका चपटा करून रद्दीत टाकला. मी आतून ओरडत होतो, पण पत्र्याचं ऐकतो कोण.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सूनबाईला कॅफेवाल्या बाईंकडे नमुन्याचा केक न्यायचा होता. तो आवडला तर रोजचे सहा केक तिचे. शिवणकामाची नोकरी सुटून तीन महिने झाले होते. तिला हे काम हवंच होतं.

अंडी फेटून झाली. ओव्हन तापला. तिने माझ्यातली चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहिली. बुडबुडे आले. माझ्याच उरल्यासुरल्या पावडरीने घात केला. "चांगली आहे अजून," म्हणत तिने चमचा भरून ठेवला, दूध काढायला फ्रिज उघडला आणि थबकली.

"बाबा, इथला सोड्याचा खोका कुठे गेला?"

सासरे दारातच उभे होते. "कोणता खोका?"

ती परत ओट्याशी आली. चमचा पिठावर धरला. घाम मला परवडत नाही, तरी तो फुटायचाच बाकी होता.

"थांब," सासरे म्हणाले. "मी ओतला गं तो त्या डब्यात. उघडा राहिलाय असं वाटलं मला. त्याला सांगू नकोस."

तिने चमचा आपटला नाही, पण ठेवला तो आपटल्यासारखाच. घड्याळात दहा वाजले होते. फेटलेली अंडी बसत चालली होती, तिला जागचं हलता येत नव्हतं. तिने मला रिकामं केलं, कोरडं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"खालच्या दुकानातून अगदी असाच आणा. डबाच, खोका नाही. जाल ना?"

"मी?"

"मग कोण? मी कशी हलू इथून?"

दुकानदाराने विचारलं, "काय देऊ काका?" आणि ते विसरले. चक्क विसरले. मागे लोक खोळंबले. त्यांची बोटं माझ्यावर अशी आवळली की माझा पत्रा टक्‌कन चेपला. त्या आवाजाने त्यांनी खाली पाहिलं आणि मला समोर ठेवलं.

"हे. अगदी असंच."

केक फुगला. काम मिळालं. संध्याकाळी मुलाला सासऱ्यांनी आपणहून सगळं सांगितलं. तो काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, "आणि नवा डबाही त्यांनीच आणला. वेळेवर."

ओट्यावरची माझी जागा त्या नव्याने घेतली. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मी आता सासऱ्यांच्या पिशवीत असतो, कुशीला पोचा घेऊन. पोटात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर घरचा पत्ता आणि सूनबाईचा नंबर. ते बाहेर निघाले की ती माझं झाकण दाबून बघते. आत ओल जाऊ न देणं एवढं एकच काम मला येतं, आणि त्या चिठ्ठीपर्यंत मी ती जाऊ देणार नाही.

ते चप्पल घालतायत. तेवढं झाकण घट्ट लावा, आम्हाला निघायचंय.