टाळी विझवणारी गादी

मित्रांनो, मी एक जुनी गोणपाटाची गादी आहे. आज माझ्यावर बसून बायका हळकुंडे निवडतात. पण मला बसण्यासाठी शिवलेले नव्हते. वसमतकडच्या एका गावात, शाळेच्या भिंतीवर, मी तीन वर्षे टांगलेली होते.

त्या वर्गाला वर पत्रे, खाली फरशी आणि चहूबाजूंनी गुळगुळीत भिंती. शेजारच्या खळ्यात हळद पॉलिश करण्याचा ड्रम फिरे. एके दिवशी संतराम गुरुजींनी गाद्या भरणाऱ्या महेबूबचाचांना वर्गात बोलावले आणि जोरात टाळी वाजवली. टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिली.

"ऐकलं का, महेबूबभाई? मी दुसरा शब्द बोलतो, तवर पहिलाच खोलीत फिरून राहिला."

"गादी टांगली तर त्या ड्रमचा आवाज थांबंल?"

"न्हाई. त्याला जाड भिंत पाहिजे, खिडकीच्या फटी बुजवाया पाहिजेत. मला आतला घुमारा मारायचाय."

चाचा हसले. "आजवर माणसं झोपवली, गुरुजी. आता आवाज झोपवतो."

त्यांनी जुना कापूस पिंजून मोकळा केला. आवाजाला आत शिरता यावे म्हणून तो दाबून भरला नाही. चार बोटे जाड गादी झाली आणि तिला लाल दोऱ्याचे टाके पडले. अशा आम्ही आठ जणी. गुरुजींनी आम्हाला भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगले आणि पुन्हा टाळी वाजवली. ती जागच्या जागी विझली.

माझ्याजवळच्या बाकावर आकांक्षा बसे. लहानपणी कान फुटून फुटून तिचा एक कान जवळजवळ गेला होता. पोरे तिला 'बहिरी' म्हणत. आम्ही यायच्या आधी एकदा गुरुजींनी तिची श्रुतलेखनाची वही उघडली. 'मोर' सांगितले तिथे 'चोर' होते, 'माळा' सांगितले तिथे 'शाळा' होती.

"पोरीनं काना-मात्रा एकबी चुकवली न्हाई," ते म्हणाले. "अक्षरं तेवढी चुकली. बाळा, तुला आवाज येतो, पण शब्दाचं पहिलं टोक येत न्हाई. व्हय ना?"

आकांक्षाने मान डोलावली. तिचे दुखणे कुणीतरी पहिल्यांदाच नेमके सांगितले होते. आम्ही आल्यावर तिच्या चुका चौदावरून दोनवर आल्या. दुसऱ्या गावचे शिक्षक येऊन मला हात लावून पाहत. मी फुगून जाई.

मग गुरुजी निवृत्त झाले. नवे सर मनाने वाईट नव्हते. त्यांना शाळा सुंदर करायची होती.

"ही पोती काहून टांगली?" ते म्हणाले. "शाळा हाय का हळदीचं गोदाम?"

आम्हाला उतरवले. भिंतींना चकचकीत टाइल्स लागल्या. मुलांना नीट समजत नाही असे दिसले, तेव्हा सरांनी माइक आणला. आवाज मोठा झाला, घुमाराही तेवढाच मोठा झाला. शब्द एकमेकांत कालवले गेले.

आकांक्षाच्या वहीत पुन्हा काना-मात्रा बरोबर आणि अक्षरे चूक. सरांनी फक्त लाल फुल्या मोजल्या.

"ऐकू येतं का तुला?"

"येतं, सर."

ती खोटे बोलली नव्हती. आवाज तर येतच होता.

सरांनी तिच्या आईला, मिराबाईला, बोलावले. "माइक लावलाय, बाई. तरी हिला कळत न्हाई. पोरगी मंद हाय."

मिराबाई उन्हातून तशीच आली होती. हाताला हळद होती. ती म्हणाली, "मंग कशाला बसवू इथं? माझ्यासंगं हळकुंडं तरी निवडंल."

सहावीच्या वर्गातले तिचे दप्तर त्याच दिवशी घरी गेले.

मी आधीच खळ्यात येऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी आकांक्षा येऊन माझ्यावरच बसली. हळकुंडे निवडता निवडता तिचे बोट लाल टाक्यावर थांबले.

"आई, ही आमच्या वर्गातली गादी! हिच्यापाशी मला समदं कळायचं."

ड्रम फिरत होता. आईला काहीच ऐकू गेले नाही. आकांक्षाने पुन्हा सांगितले नाही.

मित्रांनो, मला परत भिंतीवर टांगा असे मी म्हणत नाही. माझा कापूस आता बसून बसून दगड झाला आहे. पण उद्या तुमच्या वर्गात एकदा टाळी वाजवा आणि गप्प उभे राहा. टाळी मागे रेंगाळली, तर मागच्या बाकावर कोण बसते ते पाहा. 'ऐकू येतं का?' असे त्याला विचारू नका. 'मी काय म्हणालो?' एवढेच विचारा.